गोसेनचा अज्ञातवास

होळीच्या दिवशीं पंगतींत वाढतांना एक गोष्ट आमच्या नेहमीं दृष्टीस पडते. पहिली पुरणपोळी पानांत पडते तेव्हां जेवणारा मान वर करून पाहातसुद्धां नाहीं. तूप येईपर्यंतही त्याला धीर नसतो. दुसरीच्या वेळीं तो वाढणारणीशीं दोन शब्द बोलतो. तिसरी ‘अर्धीच वाढा’ म्हणून घेतो, आणि चौथीच्या वेळीं पानावर दोन्ही हात आडवे येतात. पोळी तीच, तूप तेंच, जेवणाराही तोच. मग पहिलीचें जें मोल तें चौथीचें कां नाहीं? घरांतल्या वाढणाऱ्या बायकांना हा प्रश्न पडत नाहीं, कारण उत्तर त्यांना ठाऊक असतें आणि त्या हिशोबानेंच त्यांनीं कणीक भिजविलेली असते. परंतु हें उत्तर कागदावर मांडून त्याच्यावर व्यापाराचें, मजुरीचें आणि अवघ्या संसाराचें शास्त्र उभारतां येईल, असें ज्याच्या मनांत आलें, त्या गृहस्थाचें नांव आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांच्या कानांवर गेलें असेल. तो हेर्मान हाइनरिख गोसेन.

गोसेन हा जर्मन. आखेन आणि कोलोन या दोन शहरांच्या दरम्यान ड्यूरेन म्हणून गांव आहे, तेथें ७ सप्टेंबर १८१० रोजीं त्याचा जन्म झाला. त्या वेळीं ऱ्हाईन नदीच्या पश्चिमेकडील तो मुलूख नेपोलियनच्या ताब्यांत होता; पुढें तो प्रशियाकडे गेला. वडील सरकारी करवसुलीच्या खात्यांत होते. मुलाचा ओढा गणिताकडे, तर बापाची इच्छा अशी कीं, त्यानें कायदा शिकावा आणि सरकारी नोकरी धरावी. हा प्रसंग आमच्या वाचकांना विस्तारानें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. तो घरोघर घडतो आणि बहुधा एकाच रीतीनें संपतो. गोसेननें बॉन येथें कायदा शिकला आणि प्रशियाच्या सरकारी नोकरींत तो दाखल झाला. तेथें त्याचें मन रमलें नाहीं आणि वरिष्ठांचेंही त्याच्याविषयीं मत चांगलें झालें नाहीं. १८४७ सालीं वडील वारले. त्याच सालीं त्यानें नोकरी सोडली.

त्यानंतर एका बेल्जियन भागीदाराबरोबर त्यानें कोलोन येथें गारपिटीपासून होणाऱ्या पिकांच्या नुकसानीचा आणि जनावरांच्या मृत्यूचा विमा उतरविण्याचा धंदा काढला. तोही टिकला नाहीं. मग तो आपल्या दोन बहिणींसह कोलोन येथें राहिला आणि जें त्याला आरंभापासून करावयाचें होतें त्याला हात घातला. व्हायोलिन वाजविणें हा त्याचा विसांवा. अशा रीतीनें चार-पांच वर्षें एका पुस्तकावर खर्च करून १८५४ सालीं ब्राउनश्वाइग येथील प्रकाशकाकडून, परंतु स्वतःच्या पैशानें, त्यानें तें छापविलें. त्याचें नांव मराठींत सांगावयाचें तर ‘मानवी व्यवहाराच्या नियमांचा विकास आणि त्यांपासून निघणारे मानवी आचरणाचे नियम’ असें होईल. पुस्तकाच्या आरंभींच त्यानें म्हटलें आहे कीं, कोपर्निकसनें आकाशांतील गोलांसंबंधानें जें कार्य केलें तेंच आपण पृथ्वीवरील माणसांसंबंधानें केलें आहे. हें वाक्य कोणीही वाचलें असतें तर हंसला असता. पण तें वाचणाराच कोणी निघाला नाहीं.

हा दावा पोकळ होता कीं काय, हें पाहाण्यासाठीं अर्थशास्त्र त्या वेळीं कोठें अडलें होतें तें आधीं पाहिलें पाहिजे. पाण्यावांचून माणूस जगत नाहीं, तरी घागरभर पाण्याच्या मोबदल्यांत बाजारांत कांहीं मिळत नाहीं. हिरा खातां येत नाहीं कीं पितां येत नाहीं, पण त्याच्या मोबदल्यांत वाडा मिळतो. अ‍ॅडम स्मिथनें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत हें कोडें मांडलें, आणि उपयोगाचा नाद सोडून वस्तूच्या मोलाचें मूळ श्रमांत व उत्पादनखर्चांत शोधण्याकडे तो वळला. त्याच्या मागून आलेल्या रिकार्डोप्रभृति पंडितांनीं तोच मार्ग अधिक रुंद केला. १८४८ सालीं जॉन स्टुअर्ट मिल यानें तर, मोलाच्या नियमांत आतां कोणी उलगडावें असें कांहीं शिल्लक राहिलेलें नाहीं, असें मोठ्या समाधानानें लिहून टाकलें. दार लावून कडी घातली. त्यानंतर सहा वर्षांनीं कोलोनमधील एका निवृत्त कारकुनानें मागल्या दारानें आंत येऊन सांगितलें कीं, कोडें सुटलेलेंच नाहीं.

गोसेनचें म्हणणें असें. ‘पाणी’ किंवा ‘हिरा’ म्हणून सबंध वस्तूचें मोल विचारणें हीच चूक आहे. विचारावयाचें तें ‘ही घागर’ किंवा ‘तो हिरा’ याचें मोल. आम्ही आपल्या घरचाच दाखला घेतों. वैशाखांत विहीर आटत चालली आहे असें समजा. दिवसाला एकच घागर मिळाली तर ती पिण्यासाठीं. तिच्यासाठीं घरचा कर्ता वाटेल तें देईल. दुसरी मिळाली तर स्वयंपाक होईल, तिसरी मिळाली तर देवपूजा आणि स्नानें उरकतील, चौथींत धुणें निघेल, आणि पांचवी लाभली तर अंगणांत सडा पडेल. आतां मृगाचा पाऊस झाला, विहीर भरली आणि पांचही घागरी रोज येऊं लागल्या. त्या पांचांपैकीं एखादी सांडली तर काय बुडेल? पिणें बुडणार नाहीं, पूजा बुडणार नाहीं. फक्त सडा राहील. म्हणून भरल्या विहिरीच्या काळीं कोणत्याही घागरीचें मोल सड्याच्या घागरीइतकें, आणि आटल्या विहिरीच्या काळीं तिचें मोल प्राणाइतकें. हिरे थोडे म्हणून त्यांच्यापैकीं शेवटच्याचेंही मोल मोठें. जी वस्तु हवी तितकी मिळते तिला मोलच नाहीं, आणि टंचाई ही मोलाची जन्मदात्री आहे, हें गोसेननें स्वच्छ सांगितलें आहे.

याच्या पुढची पायरी त्याहूनही महत्त्वाची आहे. भोग जसजसा लांबावा तसतसें त्याचें सुख उतरत जातें, आणि शेवटीं तृप्ति येऊन तें थांबतें, हा पहिला नियम. मग भोग अनेक आणि साधन तुटपुंजें असेल तर तें वांटावें कसें? गोसेननें हा प्रश्न पैशाविषयीं मांडण्यापूर्वीं वेळेविषयीं मांडला, आणि आम्हांस तर यांतच त्याची सर्वांत मोठी चतुराई दिसते. कारण पैसा एखाद्याजवळ अमाप असूं शकेल, दिवसाचे तास मात्र राजालाही चोवीसच. समजा, एखाद्या माणसास सायंकाळीं अडीच तास मोकळे आहेत आणि त्याला वाचन व गाणें या दोहोंची आवड आहे. वाचनाच्या पहिल्या अर्ध्या तासाचें सुख १० मानूं, दुसऱ्याचें ८, मग ६, ४ आणि २. गाण्याचें पहिल्या अर्ध्या तासाचें सुख ८, पुढें ६, ४ आणि २. वाचन अधिक आवडतें म्हणून त्यानें सगळा वेळ वाचनांतच घालविला तर त्याच्या पदरीं ३० पडतात. तेंच दीड तास वाचन आणि एक तास गाणें केलें तर ३८. आणि या दुसऱ्या वांटणींत वाचनाच्या शेवटच्या अर्ध्या तासाचें सुख ६ व गाण्याच्या शेवटच्या अर्ध्या तासाचेंही ६ आहे, हें वाचकांनीं पाहिलेंच असेल. जेथें सर्व भोगांचीं शेवटचीं टोकें सारखीं होतात तेथें वांटणी उत्तम झाली, हा गोसेनचा दुसरा नियम. वेळेच्या जागीं रुपया घाला, वाचनाच्या जागीं तूप आणि गाण्याच्या जागीं कापड घाला. महिन्याच्या खर्चाची वही तयार होते.

श्रमासही त्यानें हाच हिशोब लावला. कामाचा पहिला तास पुष्कळदां सुखाचाच असतो. पुढें थकवा वाढत जातो आणि मिळकतीचें सुख मात्र कमी कमी होत जातें. शेवटच्या तासाचा थकवा आणि त्याच्या मिळकतीचें सुख यांची जेथें बरोबरी होईल तेथें शहाण्यानें हात थांबवावा. सुखाचा असा उघड हिशोब पाहून आमच्या कांहीं वाचकांस हा चार्वाकाचा पंथ वाटेल. गोसेन स्वतः श्रद्धाळू होता आणि हे नियम परमेश्वरानेंच माणसाच्या स्वभावांत घालून ठेविले आहेत असें त्याचें मत होतें. शिवाय त्याच्याच नियमाचें एक पोटकलम असें आहे कीं, एकच भोग वरचेवर घेतला तर त्याची गोडी आरंभापासूनच कमी लागते. म्हणून पुन्हां पूर्ण गोडी हवी असेल तर मध्यें अंतर टाकावें लागतें. एकादशीच्या उपासानंतर द्वादशीचा पहिला घांस कसा लागतो, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगणें नको.

येथें एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. गोसेनचा हिशोब एका मनाचा आहे. एका माणसाचें सुख त्याच माणसाच्या दुसऱ्या सुखाशीं तोलतां येतें, कारण तराजू एकच. एकत्र कुटुंबांत रुपया एकाच्या हातांत असतो आणि मनें दहा. नातवाच्या खेळण्याचा शेवटचा रुपया आणि सर्वांच्या मागून जेवावयास बसणाऱ्या आत्याबाईंच्या औषधाचा पहिला रुपया यांची तुलना कोणी व कशी करावी? गोसेननें समाजांतील सर्वांच्या सुखाची बेरीज खुशाल करून टाकली आहे. १९३२ सालीं लायनेल रॉबिन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें बजावलें कीं, दोन भिन्न मनांतील सुखें एकाच मापानें मोजण्याचें साधन शास्त्राजवळ नाहीं. ती तुलना कोणी करीत असेल तर ती नीतीची बाब होय. हें बरोबर आहे, आणि घरांत तर ती तुलना रोज करावीच लागते. कर्त्यानें ती करावयाचें टाळलें म्हणून ती टळत नाहीं. मग ती आत्याबाईंच्या अंगावर आपोआप होते. सर्वांच्या मागून बसणारीच्या पानांतली पहिली पोळी पुष्कळदां आधीं बसलेल्यांची चौथी होऊन संपलेली असते. गोसेनच्या घरीं दोन बहिणी होत्या. त्यांच्या वांट्याचा हिशोब त्याच्या पुस्तकांत नाहीं.

असो. एवढें मोठें सत्य सांगणारें पुस्तक कोणी कां वाचलें नाहीं? अर्धा दोष काळाचा. जर्मनींतील विद्यापीठांत त्या वेळीं रोशर वगैरे इतिहासवादी अर्थशास्त्रज्ञांचें वजन होतें. अर्थशास्त्र हें राष्ट्राराष्ट्राच्या इतिहासांतून काढावयाचें, बीजगणितांतून नव्हे, अशी त्यांची धारणा. त्यांना गोसेनच्या समीकरणांकडे पाहाण्याचेंही कारण नव्हतें. शिवाय तो कोठें प्राध्यापक नव्हता, त्याला शिष्य नव्हते, त्याच्या बाजूनें चार ओळी लिहिणारें कोणी नव्हतें. पण उरलेला अर्धा दोष, स्पष्टच सांगावयाचें तर, त्याचा स्वतःचा. जवळजवळ पावणेतीनशें पानांच्या त्या पुस्तकाला प्रकरणेंच नाहींत. पहिल्या पानावर सुरू झालेलें विवेचन, बीजगणित, आकृति आणि लांबलचक कोष्टकें यांतून जें चालतें तें शेवटींच थांबतें. वाचकास टेकावयास कोठें ओटा नाहीं. ज्यानें श्रमाच्या शेवटच्या तासाचा थकवा मोजला, त्यानें वाचकाच्या थकव्याचा हिशोब मात्र केला नाहीं!

१८५३ सालच्या तापानें त्याची प्रकृति अगोदरच ढांसळली होती. पुढें क्षय झाला. पुस्तकाच्या प्रती पडून होत्या. कोपर्निकसची जागा मागणाऱ्या त्या माणसास एकाही विद्वानाचें अनुकूल वा प्रतिकूल पत्र आलें नसेल तर त्याचे ते दिवस कसे गेले असतील, याची कल्पनाच करावी. मृत्यूच्या थोडेंच अगोदर त्यानें प्रकाशकाकडून उरलेल्या प्रती परत मागविल्या आणि विक्री बंद केली. १३ फेब्रुवारी १८५८ रोजीं तो कोलोन येथें वारला. वय ४७.

आतां थोडें इंग्लंडांत जावें लागेल. विल्यम स्टॅनले जेव्हन्स या तरुणानें गोसेनच्या पुस्तकाची गंधवार्ताही नसतां तीच वाट स्वतंत्रपणें शोधून काढली होती. त्याचा १८६२ सालचा पहिला निबंध विद्वत्सभेंत वाचला गेला आणि विसरला गेला. १८७१ सालीं त्याचा ग्रंथ बाहेर पडला. त्याच सालीं व्हिएन्नांत कार्ल मेंगर यानें गणितावांचून तोच विचार मांडला. आणि १८७४ सालीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें शिकविणाऱ्या लेआँ वालरास या फ्रेंच पंडिताचा ग्रंथ निघाला. एकमेकांपासून दूर बसलेल्या तिघांनीं तीन वर्षांच्या आंत एकच गोष्ट सांगितली, तेव्हां जगानें कान टवकारले. वालरासला आपल्या अगोदर जेव्हन्सनें हें केलें आहे असें कळलें तेव्हां त्यानें अग्रमान सरळ मनानें त्याला दिला.

पण खुद्द जेव्हन्सचीही पाळी येणार होती. मँचेस्टर येथील ओवेन्स कॉलेजांत त्याच्या जागीं आलेला रॉबर्ट अ‍ॅडमसन हा प्राध्यापक काउट्झ नांवाच्या हंगेरियन लेखकाचा अर्थशास्त्राचा इतिहास चाळीत असतां त्याला गोसेनच्या पुस्तकाचा ओझरता उल्लेख आढळला. पुस्तक कांहीं केल्या मिळेना. शेवटीं एका जर्मन ग्रंथविक्रेत्याच्या यादींत तें दिसलें, त्यानें तें मागविलें, आणि ऑगस्ट १८७८ मध्यें जेव्हन्सला कळविलें कीं, तुमचा सिद्धान्त चोवीस वर्षांपूर्वीं छापला गेला आहे. जेव्हन्सला जर्मन येत नव्हतें. अ‍ॅडमसननें त्याला सारांश करून दिला.

ज्या विचारावर आपलें नांव चालावयाचें तो विचार एका मेलेल्या अनोळखी माणसाचा निघाला, तर किती जण तो कागद दाबून ठेवतील? येथें तर दाबून ठेवण्याचेंही कारण नव्हतें. नुसतें गप्प बसलें तरी पुरे होतें. जेव्हन्सनें १८७९ सालीं आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति काढली, आणि तिच्या प्रस्तावनेंतच जाहीर केलें कीं, तत्त्व आणि पद्धति या दोन्ही बाबतींत गोसेन आपल्या अगोदर पोंचला होता. ती प्रस्तावना आम्हीं वाचली आहे. तींत खेद आहे, पण कोठेंही आडपडदा नाहीं. जेव्हन्सचा हा स्वभावच होता म्हणावें. कँटिलॉन म्हणून आयरिश वंशाचा एक सावकार पॅरिसमध्यें गबर झाला होता; १७३४ सालीं लंडनमधील त्याचें घर जळालें, तो त्यांत गेला, आणि काढून टाकलेल्या आचाऱ्यानें त्याचा खून केला असा संशय मागें राहिला. त्याचें अर्थशास्त्रावरील अमोल पुस्तक १७५५ पर्यंत हस्तलिखितांतच होतें, आणि छापल्यावरही पुढें शंभर वर्षें विस्मृतींत पडलें. तेंही १८८१ सालीं उकरून लोकांपुढें आणलें तें जेव्हन्सनेंच. पुढल्याच सालीं समुद्रांत पोहत असतां तो बुडून वारला. वय अवघें ४६.

जेव्हन्सकडून गोसेनचें नांव वालरासकडे गेलें. याच्या घरांत अशा उपेक्षेची ओळख जुनी होती. त्याच्या वडिलांचा सहाध्यायी आंत्वान कूर्नो यानें १८३८ सालीं गणिताच्या भाषेंत संपत्तीचा सिद्धान्त मांडला होता. पुस्तक कोणी उचललें नाहीं, तेव्हां १८६३ सालीं त्यानें बिचाऱ्यानें तोच विषय गणित काढून टाकून पुन्हां लिहिला, आणि तोही कोणी वाचला नाहीं. वालरासला गोसेनच्या पुस्तकांत दुसरीही एक ओळखीची गोष्ट सांपडली: सरकारनें सर्व जमीन विकत घेऊन ती खंडानें द्यावी, अशी जी योजना त्याचे वडील जन्मभर सांगत होते तीच येथें गणितानें मांडलेली होती. वालरास आपले सहकारी सेक्रेताँ यांस घेऊन बसला आणि १८७९ सालीं दोघांनीं मिळून सबंध पुस्तकाचें फ्रेंच भाषांतर केलें. मग त्यानें गोसेनच्या आप्तांचा शोध लाविला. बॉन येथें गणिताचा प्राध्यापक असलेला कोर्टुम हा गोसेनचा भाचा निघाला. त्यानें मामाची हकीकत लिहून पाठविली. वर आम्हीं जें चरित्र दिलें आहे तें बरेचसें त्या भाच्यामुळेंच जगाला ठाऊक आहे. ती हकीकत हातीं घेऊन १८८५ सालीं वालरासनें एका फ्रेंच मासिकांत ‘एक अज्ञात अर्थशास्त्रज्ञ’ या मथळ्याचा लेख लिहिला, आणि ज्या शोधाच्या कीर्तींत त्याचा स्वतःचा वांटा होता तो दुसऱ्यांदा दुसऱ्याच्या पदरांत घातला.

एवढें झाल्यावर जर्मनांना जाग आली. गोसेननें परत मागविलेल्या प्रती नष्ट झाल्या असा समज होता. पण गठ्ठा शाबूत होता. बर्लिन येथील प्रागर या ग्रंथविक्रेत्यानें तो घेतला, वर नवें मुखपृष्ठ लाविलें आणि १८८९ सालीं ‘नवी आवृत्ति’ म्हणून बाजारांत आणला. आंतलीं पानें तींच, १८५४ सालीं छापलेलीं. १९२७ सालीं खरीखुरी तिसरी आवृत्ति निघाली, तिला हायेकची प्रस्तावना होती. इंग्रजी भाषांतर १९८३ सालीं झालें. आपल्याकडे महाविद्यालयांत घटत्या उपयोगितेचा नियम शिकवितांना गोसेनचें नांव एका ओळींत येतें. आम्ही शिकत होतों तेव्हां तें फळ्यावर लिहिलें गेलें आणि तास संपण्याच्या आंत पुसलेंही गेलें.

वालरास आणि सेक्रेताँ यांनीं एवढ्या तांतडीनें केलेलें फ्रेंच भाषांतर मात्र हस्तलिखितांतच राहिलें. वालरास १९१० सालीं वारला तेव्हांही तें छापलेलें नव्हतें. तें प्रसिद्ध झालें १९९५ सालीं, म्हणजे गोसेनच्या मूळ पुस्तकाला वाचक मिळण्यास जितकीं वर्षें लागलीं त्याच्या चौपटीहून अधिक वर्षांनीं.